पाचवीचा भागाकार आणि माझा तक्ता

६ जानेवारी
बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन शनिवार पेठेतल्या आमच्या शाळेच्या समितीवर आलो, त्याला वर्ष झाले. निदान: शाळा अंदाजाने चालते. उपाय: डेटा. पाचवीच्या सहामाहीचे गुण एक्सेलमध्ये भरले. भागाकाराचा रकाना लालभडक. पाचवीत आता नापास करतात. एप्रिलपर्यंत एकही चौकट लाल उरणार नाही, असा संकल्प.

११ जानेवारी
वर्गशिक्षिका नाजिमाबाईंकडून शनिवारचा पहिला तास घेतला. त्या तासाला त्या कच्च्या मुलांकडून मोठ्याने वाचन करून घेत. मोजमाप शून्य. तिथे आता भागाकाराची साप्ताहिक चाचणी. शाब्दिक उदाहरणे तपासण्यात वेळ जातो, म्हणून वगळली. फक्त मांडलेले भागाकार. एकदा वर्गात येऊन बसा, असे बाईंनी सुचवले. माझ्या उपस्थितीने निष्कर्ष बिघडतील, हे त्यांना समजावले. पटले असावे, त्यांनी वाचनाची पुस्तके आवरली.

८ फेब्रुवारी
चौथी चाचणी. जवळजवळ सर्व हिरवे. पहिल्या चाचणीतही हिरवेच होते, परंतु ती सुरुवात असल्याने धरली नाही. नाजिमाबाई म्हणाल्या, "तक्ता पास होईल हो आपला. मुलांचं काय?" आकड्यांची भीती अशी बाहेर पडते.
रात्री जेवताना सौ. सरोजिनीने, बाईंना नीट विचारून तरी बघा, असे सुचवले. बी.कॉम. प्रथम श्रेणीत झालेल्या माणसाने विचारून बघायचे?

२२ मार्च
समितीपुढे रंगीत तक्ता मांडला. तो नोटीस बोर्डावर लावण्याचे ठरले. वाचनाचा तास परत मिळावा, असा बाईंचा अर्जही होता. यशस्वी प्रयोग मध्येच थांबवू नये, असे मत नोंदवले. अर्ज फेटाळला.

२ मे, सायंकाळ
पाचवीचा निकाल. सहामाहीत लाल असलेली सर्व मुले गणितात नापास. प्रश्नपत्रिका सदोष असणार. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार दिली. त्यांनी ती माझ्यासमोरच वाचली, घडी घातली आणि म्हणाले, जूनच्या पुनर्परीक्षेसाठी सुट्टीत वर्ग घेतोय, एक माणूस कमी पडतोय, येता का.
शास्त्रीय पद्धत दाखवून देण्याची ही संधी आहे. होकार कळवला.

५ मे
राकेश नावाचा मुलगा वाट्याला आला. वार्षिक परीक्षेतले पहिलेच उदाहरण त्याच्यासमोर ठेवले. ९६ वह्या ८ मुलांना सारख्या वाटायच्या. तो कागदाकडे नुसता बघत राहिला. भागाकाराची रीत पहिल्यापासून समजावली. त्याने ऐकून घेतली. मग म्हणाला, "सर, तुम्ही वाचून दाखवा ना. मी करतो."
वाचले. पेन्सिल न उचलता त्याने बारा सांगितले. पुढचे वाचले, तेही बरोबर. त्याच्या पुढचेही. एकट्याने वाचायला लावले, तेव्हा 'सारख्या'पाशी अडकला, तो अडकलाच.
नाजिमाबाई शेजारच्या बाकावर दुसऱ्या मुलीकडून वाचून घेत होत्या. याला वाचता यायला किती शनिवार लागले असते, असे त्यांना विचारले.
मान वर न करता म्हणाल्या, "होते तेवढे आपल्याकडे."