ओटी भरून बिनविरोध

ता. ६ मार्च १९६१
चिखलीहून दादा येऊन गेला. वकिली सोडून सगळं करतो हा भाऊ माझा! आता नेपाळ. तिथल्या राजानं निवडून आलेलं सरकार मोडलं, पुढारी तुरुंगात, पक्षांवर बंदी. काशीला पळून आलेले कोणी बरालजी सभा घेत फिरतायत, त्यांना आपल्या गावी आणतो म्हणाला. पाठिंब्याचा ठराव मी वाचायचा. सासूबाई म्हणाल्या, "नेपाळात आपलं कोण हाय व?" म्हटलं, पशुपतिनाथ. त्यांनी हात जोडले.

ता. ८
ग्रामपंचायतीचं जमत आलं. बायांच्या जागेवर माझा अर्ज आणि माळ्याच्या गुंफाबाईचा. तिनं मागं घेतला की सगळं गाव बिनविरोध. मामाजींचा तोच ध्यास. सासरा पाटील म्हटल्यावर गावाची इज्जत ती त्यांची इज्जत. निरोप धाडला तर गुंफाबाई म्हणाली म्हणे, "पडली तं पडली, उभी तं राहू द्या." मामाजी हसले. "तिच्या वांग्याले पाणी आपल्या विहिरीचं जाते. समजन तिले." मी म्हटलं, तसं नको, मी बघते गोडीनं.

ता. ९
झालं काम! खण, नारळ, गहू घेऊन गुंफाबाईच्या दारात गेले. शेजारच्या बाया जमल्या. पाटलाची सून आली म्हणून तिची नुसती धांदल, घोंगडी काय, गूळपाणी काय. कुंकू लावलं, ओटी भरली, आणि म्हटलं, "गावात भांडण नको, गुंफाबाई. मोठ्या मनानं मागं घ्या." भरली ओटी घेऊन नाही कोण म्हणतं? पदर धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "घेतो मी मागं." रात्री ह्यांनी थट्टा केली, "काय पुढारीणबाई, जमलं की राजकारण!" मी खुशीत.

ता. १२
सभा. शाळेचं पटांगण भरलं. बरालजी किडकिडीत, सारखे खोकत होते. हिंदीत बोलले, सगळ्यांना कळलं. राजा म्हणतो, पक्ष म्हणजे भांडण, देश एकमताचा पाहिजे. मग राजाची माणसं घरी येतात. दरडावत नाहीत, गोड बोलतात. त्यांच्या काकांच्या कपाळाला टिळा लावला, खांद्यावर शाल घातली आणि राजाच्या बाजूनं सही घेतली. काका त्यानंतर कोणाच्या नजरेला नजर देत नाहीत.

मी खाली बघत बसले. तेवढ्यात मामाजी, "हमारा गाव भी बिनविरोध है!"
"अच्छा? कोई खड़ा ही नहीं हुआ?"
"एक बाई थी. बैठ गयी, खुशी से."
खुशी से! बरालजी पाणी प्यायले.

ठराव वाचला कसाबसा. घसा बसला म्हणून सांगितलं. मग सह्या, अंगठे. गुंफाबाई आली. "तिथल्या बायाइले उभं राहू देत नाई का राजा?"
"कोणालाच नाही."
"मंग घ्या माहा बी अंगठा."
शाई मीच लावली तिच्या अंगठ्याला. टोमणा होता की भोळेपणा, कळेना. लाज वाटते. लाज, लाज, दुसरं काही नाही.

ता. १३
दादा सभेनंतर मुक्कामी राहिला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणे, "ते वेगळं, हे वेगळं. तिथं हुकूमशाही आहे." इतकी चिडले! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय? पाण्याचं बोलणं मी कानांनी ऐकलं होतं. तिलाही ठाऊक असणारच. ओटी भरताना आम्हा दोघींना ठाऊक होतं आणि मी हसत होते. आणि वर मी शहाणी, मी गोडीनं करते म्हणे. मामाजी परवडले, निदान जे आहे ते बोलतात.

ता. १४
तिच्या वाफ्यावर गेले. म्हटलं, मागं घेऊ नका, उभ्या राहा माझ्याविरुद्ध. ती वांगी तोडतच राहिली.
"ओटी घेतली ना मी. गव्हाची खीर खाल्ली लेकराइनं. आता कशी फिरू?"
"पाण्याचं मी बघते."
"तुमच्या हातात हाय का पाणी?"
नाही. घरी आले ती मामाजींशी बोलायचंच म्हणून. चहा नेऊन दिला, पान करून दिलं, परत आले. भित्री मेली.

ता. १६
चिखली. तहसील कचेरीच्या ओट्यावर बसून लिहितेय. मागं घ्यायचा आज शेवटचा दिवस, साहेब जेवायला गेलेत. घरी बाजाराचं सांगून एस.टी. धरली. ठरवून आले की माझाच अर्ज मागं घ्यायचा, म्हणजे जागा तिची. मोकळी होईन असं वाटलं.

गुंफाबाई आधीच येऊन बसलेली, वांग्यांची टोपली शेजारी. सांगितलं तिला. वाटलं, खूश होईल. ताडकन उठली.
"तुमीच म्हणता बस, तुमीच म्हणता उठ! मले इचारलं का कोणी?"
शिपाई बघायला लागला.
"लढून घ्या ना माह्यासंग. का भेव वाटते?"
वाटतं. मामाजींचं वाटतं, ह्यांचं वाटतं, आणि गावानं तिला मतं देऊन मला पाडलं तर त्याचंही वाटतं. हे तिला सांगितलं नाही. इथं लिहिलं.

ती परत खाली बसली, माझ्यापासून जरा लांब. मागं घेणार का, सांगत नाही. मीही विचारत नाही.

साहेब आले. "चला, कोण मागं घेऊन राह्यलं?" गुंफाबाई माझ्याकडे बघतेय. उठली नाही. साहेब पुन्हा विचारतायत. मी अजून लिहितेच आहे.