ताकाच्या कुकीज आणि मंडळीचा समेट

सौ. व्हर्नाताईस,
धाकट्या अल्टाचा नमस्कार. तुझी कंबर, भावजींचा खोकला आणि तुमची ती मारकी गाय, तिघांचीही खुशाली कळव. इकडे पेनसिल्व्हेनियात माणसं-जनावरं धडधाकट आहेत. महलॉनचं डोकं तेवढं ठिकाणावर नाही, पण ते तू आमच्या लग्नापासूनच ओळखून आहेस.

झालं असं, की गेल्या महिन्यात चर्चच्या मंडळीची रविवारची उपासना पाळीनं आमच्या घरी होती. जेवणं आटोपल्यावर बिशपच्या बायकोनं, म्हणजे सलोमाबाईंनी, आपल्या ताकाच्या कुकीजचं ताट पुरुषांच्या टेबलावर ठेवलं. (तुला आठवत असतील. दिसायला गोऱ्यापान आणि दाताखाली कौल.) ठेवताना रिवाजाप्रमाणे म्हणाल्या, "यंदा काही जमल्या नाहीत हो." आपल्यात स्वतःच्या हातच्या पदार्थाला आपण नावं ठेवायची आणि बाकीच्यांनी "छे छे, काहीतरीच काय!" म्हणायचं, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. महलॉननं एक कुकी चावली, नीट विचार केला आणि म्हणाला, "खरंय तुमचं. पण कॉफीत बुडवल्या की लागतात बऱ्या."

अख्ख्या टेबलानं आपापल्या कॉफीत डोकं घातलं. मंडळी गेल्यावर मी त्याला फैलावर घेतलं, तर म्हणतो, "अगं, त्या स्वतःच म्हणाल्या की! बिशपच्या बायकोला मी खोटं पाडू?" असल्या सत्यवचनी माणसाबरोबर संसार केला, आता स्वर्गात माझी वेगळी चौकशी कशाला?

मग आली समेटाची सभा. प्रभुभोजनाच्या विधीआधी ज्यानं त्यानं सांगायचं, माझ्या मनात कुणाविषयी काही नाही. सगळ्यांनी सांगितलं. सलोमाबाई मात्र डोळ्यांना रुमाल लावून म्हणाल्या, "माझं मन अजून शांत नाही." कारण सांगितलं नाही. (नम्रतेत त्यांचा हात कुणी धरणार नाही. चारचौघांत तर नाहीच.) एकीचं मन अशांत म्हणून साऱ्या मंडळीचं प्रभुभोजन लांबणीवर पडलं, आणि ते झाल्याशिवाय यंदाचं एकही लग्न जाहीर होणार नाही. आमच्या रोझानाचं लग्न अजून गुप्त आहे. म्हणजे परसात लग्नाच्या पंगतीला लागते तेवढी सेलरीची भाजी लावलीय आणि येणारेजाणारे ती दिसू नये म्हणून आभाळाकडे बघत चालतात. आता ती सेलरी काढणीला आली आहे, थंडी तोंडावर आहे आणि पोरगी दूध काढताना रडते. मला बघवत नाही गं.

महलॉन माफी मागून आला. ("कडक होत्या, पण मी बोलायला नको होतं," ही माफी!) तेव्हा आता मीच जाणार. ताकाच्या कुकीजचं ताट नेईन, म्हणेन, "जमल्या नाहीत हो," आणि काय म्हणायचं ते बाईंना म्हणू देईन. पण घोडं इथंच अडलंय. माझ्या होतात मऊ, आईच्या हातच्या होत तशा. मऊ नेल्या तर म्हणतील, मला शिकवायला आली. म्हणून त्यांच्याइतक्याच कडक करायला बसले. पीठ जास्त घातलं, तर मेल्या फुगून आणखी देखण्या झाल्या. चुलीत ठेवून विसरले, तर करपल्या, आणि करपलेल्या नेणं म्हणजे उघड टोमणा. मऊ होत्या त्या महलॉननं खाल्ल्या आणि न विचारता छान झाल्याचं सांगितलं. नको तिथं नेमकं बोलण्याची त्याला देणगीच आहे.

भावजींना नमस्कार सांग, मुलांना पापे.
तुझीच,
अल्टा

ता. क. मुख्य काम राहिलंच. ताई, आई एकच, चूल एकच, ताकही तेच. तरी तुझ्या कुकीज लहानपणापासून जशा होतात, तशा मला काही केल्या जमत नाहीत. सोडा विसरतेस, की पीठ मळत बसतेस? पद्धत सविस्तर लिहून धाड. पोरीचं लग्न आता तुझ्या हातात आहे.

ता. क. दुसरा. तुमच्याकडची समेटाची सभा होऊन गेल्याची खात्री करूनच हे पत्र टपालात टाकते आहे.