घरच्या अभ्यासाचे तास

ती. ताईस नमस्कार,

मी खुशाल आहे, असं आईला सांग. तुझी पाठ कशी आहे? पुढचं मात्र तुझ्यापुरतंच ठेव.

मला इथल्या विद्यापीठाने तिसऱ्या वर्षाला घेतलं ते अटीवर. आपल्याकडच्या दोन वर्षांचे इथल्या हिशोबाने निदान साठ श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, भरायला हवेत. माझे ऐंशी आहेत म्हणून मी निर्धास्त होतो. काल कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "चाळीसच भरतात."

आपल्याकडे श्रेयांक वर्गातल्या तासांवर ठरतो, इथे घरी केलेला अभ्यासही धरतात. अर्जात तसा रकाना होता आणि मी त्यात नीट अक्षरात 'शून्य' लिहिलं होतं. घरच्या अभ्यासाचे तास कुणी मोजतं का, असं वाटलं.

बाई हसल्या. "अहो, घरी पुस्तक उघडतच नव्हता का?"

महिनाअखेरीपर्यंत अर्ज दुरुस्त करता येईल, पण ते तास घरच्या माणसाने सहीनिशी लिहून द्यायचे. नाहीतर मला परत यावं लागेल.

ताई, तू मशीनवर शिवायचीस आणि मी शेजारी बसून मोठ्याने वाचायचो. माझा आवाज थांबला की तू ओरडायचीस, "कुठं अडलं घोडं?" ते कितीदा अडायचं, हे तुलाच ठाऊक. तास खरे तेवढेच लिही, डुलक्या वजा करून. फक्त वजा करताना जरा हात आखडता घे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
तुझा धाकटा