अमावस्येला न जुंपलेली गाडी

बाबा, चारठाण्याच्या त्या जुन्या खाणीची फेरी आपल्याला किती महाग पडली, ते आज सांगतो. शेजाऱ्याची मागून आणलेली बैलगाडी, आईनं पहाटे थापलेल्या भाकरी, खडे फुटू नयेत म्हणून भरलेला पोतंभर भुसा, हा वरवरचा खर्च. खरा खर्च झाला तो तुमच्या शब्दाचा. काळ्या पाषाणाच्या पोटात काचेसारखे खडे पिकतात, असं तुम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगायचात आणि पोरं फिदीफिदी हसायची. शेवटी शाळेचे मुख्य, सदर मुदर्रिससाहेब, सगळ्यांसमोर म्हणाले, "पंतोजी, दिखाव तो मानेंगे." खाणीच्या भिंतीतली ती पांढऱ्या खड्यांनी गच्च भरलेली पोकळी तुम्ही स्वतः पाहिली होती. पण आणायची म्हटल्यावर महिनाभर नुसता बेतच! छिन्नी कोणती घ्यायची, भुसा किती, पाटलाची इजाजत आधी की नंतर. मी पार वैतागलो होतो.

तशात चहाच्या हॉटेलात खडीच्या ठेकेदाराची माणसं बोलताना ऐकलं, त्याच खाणीत सुरुंगाचं काम, अमावस्येच्या आसपास. माझे कान तिखट, हे तुम्हीच म्हणायचात. धावत घरी आलो तर तुम्ही निवांत चाकाला वंगण घालताय.

"बाबा, आत्ताच निघू."

"आज अमावस्या हाय. बैल जुपायचा न्हाई."

"मग पायी जाऊ!"

"अन् खडे कशावर आणायचे? तू काय गाढव हायस?"

"तुमचाच पोरगा हाय. असंल बी!"

आई तोंडाला पदर लावून हसली. तुम्ही हसला नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोचलो तर भिंतच नव्हती. खडीचा ढीग, विचारायला माणूस नाही. तुम्ही त्या ढिगात कितीतरी वेळ हात घालून बसलात. शाळेत तो विषय पुन्हा काढला नाहीत.

पुढं मी स्वतःच खडीच्या धंद्यात पडलो, शून्यातून उभा राहून चार माणसं पोसली. आणि प्रत्येक बैठकीत ऐकवत आलो, बाबा माझं ऐकून पायी निघाले असते तर खडे आज घरात असते. परवा चारठाण्याचा एक म्हातारा पाथरवट आला. त्या खाणीत सुरुंग भरणारा तोच. "अमावस्येला आमी हत्याराला हात लावत न्हाई, मालक, आधीच काम उरकून घेतो," म्हणाला.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठं टाकणार? ठेवून देतो. बाबा, भिंत अमावस्येच्या आदल्या दिवशीच उडवली होती.