आईचा मुक्काम

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि पिल्लू मजेत असाल. आम्हीही ठीक. आईचं वजन वाढलंय आणि माझं उतरलंय, म्हणजे घराचं एकूण तेवढंच.

फोनवर तू विचारलंस, नोकरी सोडून घरी बसलीस, मग त्या इव्हेंट मॅनेजमेंट आणि हॉस्पिटॅलिटीच्या शिक्षणाचं काय? पत्रातच सांगते, कारण फोनवर तू मध्येच "होईल गं सगळं ठीक" म्हणतोस आणि माझं डोकं फिरतं. शिक्षण वाया गेलेलं नाही. चादरीचे कोपरे कसे दुमडायचे, भरलेला ट्रे कसा पेलायचा, चिडलेल्या माणसासमोर आवाज शांत कसा ठेवायचा, सगळं रोज वापरते. आमच्या सरांचा एक नियम होता, पाहुण्याला खोटं पाडायचं नाही. तो त्यांनी इतका घोटून घेतला, की मी झोपेतही "हो सर" म्हणायचे आणि तू मला चिडवायचास.

आईचा विसरण्याचा आजार वाढला तो थंडीत. एका सकाळी ती साडी नेसून, पर्स घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "अहो, तुम्ही इथल्याच ना? माझ्या खोलीत टॉवेल नाही."

मी चहा गाळत होते. तोंडातून निघून गेलं, "हो मॅडम, लगेच पाठवते."

विचार करायला सवडच नव्हती रे. आई हसली आणि न भांडता आंघोळीला गेली. त्याआधी माझं रोज "अगं आई, हे आपलंच घर" चालायचं आणि ती रडकुंडीला यायची. म्हणून मी तेच पुढे चालवलं. दाराजवळ हॉटेलातल्यासारखं टेबल मांडलं, केस घट्ट बांधून तिथे बसते, ती आली की उठून उभी राहते. डॉक्टर म्हणाले, शांत आहेत ना, मग चालू द्या. भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार मात्र ती अजून करते, तेवढी विसरलेली नाही. शेजारच्या काकू म्हणतात, किती गुण्यागोविंदानं राहता.

राहतो खरं. पण त्या सकाळपासून तिनं मला एकदाही "ठके" म्हणून हाक मारलेली नाही. आधी दिवसातून एखाद्या वेळी तरी मारायची. ती वाट मीच बुजवली.

मागच्या आठवड्यात राहवलं नाही. तिच्याजवळ बसले, हात धरला, म्हटलं, "आई, मी ठकी." ती घाबरून अंग चोरून बसली. म्हणाली, "तुमच्या साहेबांना बोलवा." मी बाहेर गेले, तोंड धुतलं, पुन्हा आत आले. "माफ करा मॅडम, त्या मुलीला समज दिली आहे." तेव्हा कुठे ती जेवली.

तू येतो म्हणालास, तर ये. तू लांब असतोस, तुझा चेहरा तिच्या डोक्यात अजून असेलही. तिनं तुला ओळखलं तर माझा जळफळाट होईल, आधीच सांगून ठेवते.

खरं तर हे सगळं लिहिणार नव्हते. पण काल संध्याकाळी आई टेबलाशी आली. म्हणाली, "एक निरोप ठेवायचा होता. माझी एक मुलगी आहे, तुमच्याच वयाची. मला इथे सोडून गेली ती फिरकलीच नाही. तिचा फोन आला तर सांगा, आई रागावलेली नाही. पण आता वाट बघणं झेपत नाही. तिनं येऊ नये."

आम्हाला शिकवलंय, निरोप घेतला की पाहुण्यासमोर पुन्हा म्हणून दाखवायचा. मी म्हणून दाखवला, शब्दन् शब्द. आवाज हलला नाही.

"बरोबर," आई म्हणाली. "नक्की सांगाल ना तिला?"

"हो मॅडम."

तिचा निरोप मिळालेली,
तुझी
ठकी