चालीत नसलेले तात्या

माले, शुक्रवार, २१ नोव्हेंबर १९५८

आज मी खोटं बोललो, आणि तेही तात्यांशी.

एका परदेशी संगीतकाराने एकच चाल फिरवून फिरवून वाद्यवृंदात आपले सगळे मित्र उभे केले, हे पुण्याला भावाच्या रेडिओवर ऐकल्यापासून डोक्यात बसलं होतं. संध्याकाळी देवळात भजनी मंडळापुढे पेटीवर तसंच करून दाखवलं. रामभाऊंची घाई, गणपाचं रेंगाळत बोलणं. सगळे एकमेकांना ओळखून हसत होते. तात्यांनी पखवाजावर ठेका धरला होता. संपल्यावर पखवाजाच्या डाव्या पुडीला लावलेली ओली कणीक नखाने खरवडत त्यांनी विचारलं, "मास्तर, ह्यात माजं कुटं हाय?"

त्यांचं मी केलंच नव्हतं. माझ्या प्रत्येक सुराखाली त्यांचा हात असतो, आणि चाल बांधताना ते आठवलेसुद्धा नाहीत. म्हणालो, "तुम्ही सगळ्यांतच आहात, तात्या." किती सहज सुचलं मला.

पुडीवर कणीक उरली नव्हती, तरी ते खरवडत राहिले. मग खुलले. "व्हय, त्ये बी खरंच. उद्या कारभारणीला आणतो. तिला माजं तेवढंच वाजवून दावा."

उद्या त्या समोर बसतील. ठेका थांबवून तात्याही ऐकायला बसतील, तेव्हा त्यांचं म्हणून मी काय वाजवू?