गुंडीला नेलंस तवा

सत्यादादा,

हे तुला धाडणार न्हाई, तरी लिहिते.

तुझ्या भांडगावच्या रिसॉर्टवर बुटक्या घोडीला शिंगरू झालं, मांजराएवढं, वाकड्या पायांचं. डॉक्टर म्हणाले, "हाडंच खुजी हायेत, लई जपावं लागंल." तूच ते माझ्या पदरात टाकलंस. "अनू, मला बघवत न्हाई. आता तुझंच हे."

मी तिचं नाव गुंडी ठेवलं आन् तिला केंदूरला, माझ्या सासरी आणलं. बाटलीनं दूध पाजलं, पायांना रोज पट्ट्या बांधल्या. ती चालायला लागली तवा तुला व्हिडिओ पाठवला. फोनवर तू रडलास, आन् मला ते खरं वाटलं.

मग मी औषध आणायला गेले असताना तू गाडी घेऊन आलास. सासूबाईंना म्हणालास, "डॉक्टरला दाखवून आणतो."

दुसऱ्या दिवशी तुझी जाहिरात मोबाइलवर दिसली, 'सगळ्यात छोटी घोडी'. मी तशीच भांडगावला आले. गुंडी गुळगुळीत फरशीवर उभी होती, पट्ट्या सोडलेल्या, भोवती फोटो काढणारी माणसं. माझा आवाज ऐकून ती माझ्याकडं निघाली आन् तोंडावर पडली.

तू म्हणालास, "पट्ट्या फोटोत वाईट दिसतात गं."

मी तिला उचललं. तू गेट अडवलंस, "माझ्या घोडीचं हाय ते." शेवटी वहिनीनं तुला बाजूला सारलं.

गुंडी आता उभी राहती, पण पाऊल टाकत न्हाई. आई विचारती, "दादाशी का बोलत न्हाईस?" मी गुंडीच्या पट्ट्या बांधायला घेते. तुला वाईट म्हणायला अजून माझी जीभ रेटत न्हाई, त्याचाच जास्त राग येतो.

तुझी म्हणवत न्हाई, तरी,
अनू